बाबालालचे दोन आवाज

कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहणाऱ्या बाबालाल मणेरला लोक चेहऱ्यापेक्षा आवाजाने ओळखत. चेहरा तसा चारचौघांसारखाच होता, लांबट, कानांपाशी लवकर पिकलेला. आवाज मात्र तो स्वतः कोपऱ्यावर वळायच्या आधी वळायचा. त्याचे वडील मीरासाब बांगड्यांची पेटी घेऊन गल्लोगल्ली हाळी देत फिरायचे, आणि वरच्या मजल्यावरची बाई चूल सोडून खिडकीत यावी एवढी ताकद त्या हाळीत होती. बाबालालला बांगड्या भरायचं काम कधी जमलं नाही. त्याच्या हातात काच तडकायची. बापाची हाळी तेवढी त्याने उचलली.

साठ सालानंतर केव्हातरी तो टांग्यात बसून पुकारा करू लागला. टपावर कर्णा, पायाशी बॅटरी, हातात माईक. कुठल्या टॉकीजला कुठला सिनेमा लागलाय, कुणाच्या दुकानात सणाची लुगडी आलीत, खासबागेच्या कुस्तीच्या आखाड्यात येत्या रविवारी कुणाची जोड कुणाबरोबर लागलीय, हे सगळं गावाला त्याच्या तोंडून कळायचं. पुढे टांग्याची रिक्षा झाली, पण माणूस तोच राहिला. कुस्तीच्या मैदानात तर त्याच्याशिवाय पान हलत नसे. पैलवानाचं नाव, गाव, वस्ताद, आधी मारलेल्या कुस्त्या, हे तो असं काही सांगायचा की हलगीवाले ईर्षेला पडून हलगी आणखी जोरात बडवायचे, आणि तरी वर राहायचा तो बाबालालच.

कोल्हापुरात टेलिव्हिजन दिसू लागला तेव्हा पेठेतला पहिला संच आणला तो आकारामने. आकाराम म्हशी पाळायचा आणि संध्याकाळी कोपऱ्यावर म्हैस उभी करून गिऱ्हाइकाच्या देखत धार काढून द्यायचा. बाबालालचा तो लहानपणापासूनचा दोस्त. संच त्याने घराच्या पुढच्या सोप्यात ठेवला, वर बायकोने, बायडाबाईने, भरतकामाचा रुमाल टाकला, आणि रविवारी सकाळी निम्मी गल्ली तिथं जमू लागली.

रविवारी एक परदेशी मालिका लागायची. माणसांचं एक जहाज आभाळात वाट चुकलेलं, आणि ते घराकडे परतायची वाट शोधत एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर चाललेलं. जहाजावर एक यंत्राचा माणूस होता. तोंडाला चकाकी, मान वळवताना खांद्यासकट वळणारा. त्याचं खरं नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून गल्लीने त्याला लोखंड्या म्हणायला सुरुवात केली. सगळं बोलणं इंग्रजी. सोप्यात बसलेल्यांपैकी कुणालाही ते धड कळत नव्हतं. पण बाबालाल दारापाशी बसून मोठ्याने गोष्ट सांगत जायचा. "आता कप्तान चिडलाय. म्हणतोय, मला न इचारता दार उघडलंस कसं? ती बाई म्हणती, उघडलं न्हाय, आपसूक उघडलं." त्याने सांगितलेली गोष्ट आणि पडद्यावरची गोष्ट एकच होती की नाही, हे तपासायची सोय नव्हती आणि कुणाला गरजही वाटत नव्हती.

"तुला इंग्रजी कवा यायला लागलं रं?" आकारामने एकदा विचारलं.

"इंग्रजी कशाला लागतंय? माणूस खोटं बोलतोय का खरं, भ्यालाय का चिडलाय, हे आवाजातच असतंय की."

"आणि लोखंड्या? त्यो माणूस हाय का न्हाय?"

बाबालालने यावर आधीच विचार करून ठेवला होता. "न्हाय. नीट ऐक. बोलताना त्यो दम घेत न्हाय. माणूस कितीबी मोठा बोलणारा असू दे, मधी एकदा दम घेतोच. तितं त्यो सापडतोय."

आकारामला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं असं की लोखंड्या एकदा रागावून खोलीत जाऊन बसला होता, आणि रुसणारा जीव म्हणजे जीवच. त्याची एक म्हैस अशीच रुसायची. बायडाबाई म्हणाली, ज्याला भूक लागत नाही त्याला माणूस कोण म्हणेल? असा वाद दर रविवारी व्हायचा आणि मालिका संपल्यावरही दूध तापेपर्यंत चालायचा. बाबालाल मात्र घरी गेल्यावरही तोच विचार करत राही. बायको इमामबी तांदूळ निवडता निवडता ऐकायची आणि म्हणायची, "अवं, त्या लोखंड्याला सवता संसार न्हाय म्हणून बरं हाय त्याचं."

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर बाबालालचा आवाज बसला. आधी त्याने काढा घेतला, मग बिड्या कमी केल्या, मग सोडल्या. आवाज काही उठेना. खासबागेतल्या एका मैदानात नाव पुकारता पुकारता तो मधेच फाटला आणि हलगी त्याच्या वर गेली. लोकांनी माना वळवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी आकाराम त्याला मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरांनी तपासण्या करून सरळ सांगितलं. स्वरयंत्रात गाठ आहे. स्वरयंत्र काढलं तर माणूस वाचेल. मानेला पुढून एक भोक राहील, श्वास तिथूनच चालेल, आणि पूर्वीसारखं बोलता येणार नाही.

बाबालालने विचारलं, "दुसरं काय काढून चालत न्हाय?"

डॉक्टर हसले नाहीत. इमामबीने मात्र तिथल्या तिथं ठरवून टाकलं. म्हणाली, "काढा. घरात बोलायला मी हाय."

गुंडूशेठचं कापडाचं दुकान होतं आणि बाबालाल सतरा-अठरा वर्षं त्याचा पुकारा करत आला होता. बातमी कळताच तो घरी आला आणि म्हणाला, "बाबालाल, आवाज जायच्या आधी टेप करून ठेवू या. वाईट वाटून घेऊ नगंस." बाबालालला वाईट वाटलं नाही. उलट त्याला ते शहाणपणाचं वाटलं. दुकानाच्या माळ्यावर कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये बसून, गरम पाण्याचे घोट घेत, होता तेवढा आवाज गोळा करून त्याने एक पूर्ण कॅसेट भरली. दिवाळी, दसरा, ईद, लगीनसराई, सगळ्यांचे पुकारे. शेवटी फीत थोडी उरली तर त्याने मैदानाची सलामीही म्हणून टाकली: रामराम मंडळी, लाल मातीला मुजरा, थोरल्या वस्तादांना मुजरा. कसा कोण जाणे, त्या दिवशी आवाज विलक्षण चांगला लागला. गुंडूशेठचा कारकून खाली पंचा डोळ्याला लावून उभा होता.

शस्त्रक्रिया नीट झाली. घरी आल्यावर बाबालाल टाळी वाजवून हाक मारू लागला. एक टाळी म्हणजे पाणी, दोन म्हणजे इकडं ये. आणखीही काही बारीकसारीक गोष्टी त्याच्या लक्षात आल्या. बशीतल्या चहावर फुंकर घालता येत नाही, कारण फुंकर आता गळ्यातून निघते. तेव्हा चहा निवेपर्यंत वाट बघायची. याचं त्याला दुःख झालं असं नाही, पण नवल वाटलं. रविवारी तो आकारामकडे जाऊन बसायचा. गोष्ट सांगणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून हळूहळू गल्लीतली माणसं यायची बंद झाली. जहाज आभाळात भटकत राहिलं, आणि सोप्यात ते पाहायला तीन माणसं राहिली.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी त्याला एक यंत्र दिलं. विजेरीएवढं, सेलवर चालणारं. ते गळ्याला टेकवून बटण दाबायचं आणि ओठांनी शब्द करायचे. घरी येऊन त्याने ते इमामबीपुढे लावलं. माशी डब्यात अडकल्यासारखी घरघर झाली आणि तिच्यातून शब्द आले, सपाट, एका सुरात. "पाणी दे."

इमामबीने हातातलं काम ठेवलं. "बाणी? काय म्हनलं? परत म्हणा."

त्याने परत म्हटलं. तिला कळलं. तांब्या देताना ती म्हणाली, "गळा बसलाय म्हणून तिखट कमी करायची सवय लागलीया मला. आता सांगत जावा किती घालायचं."

आकारामच्या सोप्यात तो यंत्र घेऊन गेला तो रविवार गल्लीने लक्षात ठेवला. यंत्र बघायला म्हणून त्या दिवशी आठ-दहा माणसं आली होती. मालिका सुरू झाली, त्याने गळ्याला यंत्र लावलं आणि सवयीने म्हणाला, "कप्तान चिडलाय." मग मागून कुणीतरी ओरडलं, "लोखंड्या आला की!" हशा पिकला. आकारामने उठून त्या माणसाला बाहेर काढायची तयारी केली, पण बाबालालने हाताने खाली बसवलं. बाबालालला ते खोटं वाटलं नव्हतं. त्यानेच मांडलेल्या नियमाने पाहिलं तर तो आता बोलताना दम घेत नव्हता. दम गळ्याच्या भोकातून आपला आपण चालायचा, आणि शब्द यंत्रातून निघायचे. दोघांचा एकमेकांशी संबंधच तुटला होता. म्हणजे एकतर तो माणूस उरला नव्हता, नाहीतर नियम चुकला होता. तो दोन्ही शक्यता हिशेबीपणाने पारखत बसला.

पुढच्या आठवड्यापासून गल्ली पुन्हा जमू लागली. बायडाबाई म्हणाली, "लोखंड्याचं बोलणं आता अगदी झकास जमतंय. बाकीच्यांचं मातूर वळखंना."

गावात मात्र त्याचा जुना आवाज फिरतच होता. गुंडूशेठच्या रिक्षात कॅसेट लावलेली असायची. बाबालाल दळण घेऊन निघाला की कोपऱ्यावरून स्वतःचाच आवाज येऊन त्याच्या अंगावरून पुढे जायचा, "माउल्यांनो, भगिनींनो" म्हणत. पहिल्यांदा तो ऐकत थांबला. पुढे सवय झाली. ज्यांना काही माहीत नव्हतं ते म्हणायचे, बाबालाल बरा झाला वाटतं.

अशाच एका सकाळी चंदगडहून एक माणूस आला. बाळासो नावाचा. त्याच्या गावचं कुस्तीचं मैदान होतं आणि पुकाऱ्याला बाबालालच पाहिजे म्हणून गावाने त्याला एसटीत बसवून धाडलं होतं. तो नेमका बाबालालच्याच दारात येऊन म्हणाला, "पावणं, बाबालाल मणेर कुठं भेटतील?"

बाबालालने यंत्र लावलं. "मीच."

बाळासोने त्याला खालून वर पाहिलं. "थट्टा करता व्हय पावणं? आत्ता त्या रिक्षातनं गेलंत की त्ये. मी माझ्या कानानं ऐकलं."

बाबालालने दोन-तीनदा सांगून पाहिलं. जितकं सांगेल तितका बाळासो मागे सरकायचा. शेवटी आकारामला बोलवावं लागलं. आकारामने सगळी हकिकत सांगितली तेव्हा बाळासोने टोपी काढली, ओट्यावर बसला आणि बाबालालचा हात धरून राहिला. मग जरा संकोचाने म्हणाला, "मग ती टेप तरी मिळंल का? गावाला शब्द दिलाय."

टेप मिळाली. गुंडूशेठने दोन दिवसांसाठी खुशीने दिली. बाळासोने मानाचे पाहुणे म्हणून बाबालाल आणि आकाराम दोघांनाही यायचं आमंत्रण दिलं.

मैदानाच्या आधीच्या रविवारी मालिकेत एक विचित्र गोष्ट घडली. जहाजावरचा एक अधिकारी किरणाखाली उभा राहिला आणि त्याचे दोन झाले. दोघेही म्हणत होते, मीच खरा. दोघांनाही आईचं नाव माहीत, दोघांच्याही हनुवटीवर एकच व्रण. शेवटी एक मेला, एक राहिला, आणि कुठला राहिला ते चित्रात दाखवलं नाही.

बाबालाल घरी येऊन भिंतीला टेकून बसला. मग त्याने यंत्र लावलं. "इमाम, एक सांग. रिक्षात फिरतोय त्यो बाबालाल, का हितं बसलाय त्यो?"

इमामबी चटणी वाटत होती. तिने वरवंटा थांबवला नाही. "त्यो गुंडूशेठची लुगडी इकतोय. तुमी काल माझ्यासंगं दोन तास भांडलासा, मीठ जास्त झालं म्हणून."

"लोकांना त्योच खरा वाटतोय."

"वाटू दे. लोकांनी कुठं त्याच्यासंगं संसार करायचाय?"

यावर बाबालालला हसू आलं. हसण्याचा आवाज येत नसे, खांदे तेवढे हलत. पण प्रश्न सुटला असं त्याला वाटलं नाही. इमामबीला तो ओळखू येत होता, हे खरं. आपण आपल्यालाच कशावरून ओळखतो, हे तिला विचारून कळण्यासारखं नव्हतं.

चंदगडचं मैदान काजूच्या बागेला लागून होतं. माणसं बांधावर, झाडांवर, ट्रॅक्टरवर. सुरुवातीला कॅसेट लावली. रामराम मंडळी, लाल मातीला मुजरा. काय आवाज होता! माणसं टोप्या सावरून बसली. म्हातारे माना डोलवू लागले. बाबालाल मांडवात खुर्चीवर बसून स्वतःला ऐकत होता आणि त्याला खरोखरच कौतुक वाटलं, जसं दुसऱ्या कुणाचं वाटावं तसं.

सलामी संपली. त्यानंतर फितीवर काहीच नव्हतं. जोड्यांची नावं त्या सकाळी ठरली होती आणि कॅसेट भरली त्या दिवशी यातले निम्मे पैलवान कुणाला ठाऊकही नव्हते. गावातल्या एका मास्तरांनी माईक घेतला. त्यांनी पहिली जोड चुकीची पुकारली. गडहिंग्लजकडचा एक पैलवान दुसऱ्याच्याच नावावर आखाड्यात उतरला, त्याच्या वस्तादाने आरडाओरडा केला, दोन गावांची माणसं उठून उभी राहिली. मास्तर घामाघूम झाले.

बाळासो धावत मांडवात आला. "बाबालाल, करतासा का?"

आकाराम म्हणाला, "लोक हसतील रं."

बाबालाल उठला. एका हातात माईक आणि दुसऱ्या हाताने गळ्याला यंत्र, असा तो आखाड्याच्या कडेला उभा राहिला. घरघर सगळ्या कर्ण्यांतून गेली. "रेडिओ बिघडला!" झाडावरून कुणीतरी ओरडलं आणि मैदान खदखदून हसलं. हलगी चालूच होती आणि पूर्वीसारखं तिच्यावर चढायची सोय आता राहिली नव्हती. त्याने माईक खाली घेतला आणि हलगीवाल्यांकडे तळहात दाखवला. ते थांबले. तो तसाच उभा राहिला. हसू हळूहळू विरलं, आणि एवढा जमाव गप्प झाला म्हणून जो तो आपोआपच आणखी गप्प झाला.

मग त्याने पहिलं नाव पुकारलं. पांडू आणि बंडू त्याच्या यंत्रात एकच ऐकू येत, हे त्याला इमामबीने शिकवलं होतं. म्हणून त्याने नावापाठोपाठ गाव सांगितलं, तालीम सांगितली, वस्तादाचं नाव सांगितलं, आणि प्रत्येकाच्या मधे थांबला. ज्याचं नाव होतं तो पैलवान उठला, शड्डू ठोकला आणि मातीत उतरला. बरोबर माणूस होता. दुसरं नाव. तोही बरोबर. हलगी सुरू झाली.

दुपारपर्यंत लोकांना त्या आवाजाची सवय झाली. तो नाव घ्यायला लागला की मैदान आपोआप शांत व्हायचं, कारण शांत झाल्याशिवाय ऐकूच यायचं नाही. चढउतार करता येत नव्हते, तेव्हा तो नुसतं घडलेलं सांगायचा. पट काढला. सुटला. पाठीला माती लागली. एका म्हाताऱ्या वस्तादाने नंतर सांगितलं की पूर्वी तू बोलायचास तेव्हा आम्ही तुला ऐकायचो, आज कुस्ती बघितली. बाबालालला हे कौतुक वाटावं की टोमणा, ते नीट कळलं नाही. त्याने मान लववली.

परतीच्या एसटीत आकारामने मुद्दाम विषय काढला. "त्या किरणातल्या दोघांतला खरा कुठला, सांग बघू आता."

बाबालालने यंत्र गळ्याला लावलं, सेल संपत आले होते म्हणून आवाज बारीक झाला. "ठाऊक न्हाय. पर नवं नाव पुकारायचं आलं की माझ्या दोघांतला एकच उठतोय."

त्यानंतर चंदगड आणि गडहिंग्लजच्या बाजूला त्याला बोलावणी येऊ लागली. खासबागेत मात्र त्याला पुन्हा कुणी माईक दिला नाही आणि त्यानेही मागितला नाही. कोल्हापूरला त्याचा जुना आवाज फार चांगला आठवत होता. खाली त्या गावांत नव्या पोरांनी दुसरा कुठला ऐकलाच नव्हता. त्यांच्या लेखी बाबालाल असाच बोलायचा. कॅसेट पुढच्या पावसाळ्यात रिक्षाच्या टेपात गुरफटली आणि फीत वाटेत लोंबत राहिली. गुंडूशेठ वाईट तोंड करून सांगायला आला. बाबालालने त्याला चहा पाजला.

आणि मालिका एका रविवारी लागलीच नाही. आकारामने अँटेना फिरवून पाहिली, पत्र्यावर चढून पाहिली. पडद्यावर कुणीतरी पिकावरच्या किडीविषयी बोलत होतं. पुढच्या रविवारीही तेच. जहाज घरी पोचलं की नाही ते कळायची काही वाट उरली नाही. पण गल्ली सवयीने जमली होती आणि उठायला तयार नव्हती.

"मग पुढं काय झालं?" बायडाबाईने विचारलं.

"दाखवलं तर कळंल," आकाराम म्हणाला.

बाबालालने हात लांब करून संच बंद केला, यंत्र गळ्याला लावलं आणि दारापाशी आपल्या जागेवर नीट बसला.

"कप्तान झोपलाय," तो म्हणाला. "आज जहाज लोखंड्याच्या हातात हाय."

"त्याला भूक लागू दे गा आता तरी," बायडाबाई म्हणाली.

"थांब की. आधी तारा तर येऊ दे."